ऊ एका डोक्याची नसते

"आम्ही ऐरोलीत राहतो. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. जूनअखेरीस डायरीत शेरा आला, 'डोक्यात उवा आहेत, साफ झाल्याशिवाय शाळेत पाठवू नये.' मेडिकलमधून शाम्पू आणून लावला. आठ दिवस बरे गेले आणि पुन्हा खाज सुरू. दुसऱ्यांदा शेरा आला तेव्हा माझा तोल गेला. तिला पार्लरमध्ये नेलं आणि कमरेपर्यंतचे केस कानापर्यंत कापून आणले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आता घरातही टोपी घालून बसते, खाली खेळायला जात नाही. आणि उवा आहेतच! सासूबाई म्हणतात, सीताफळाच्या बिया वाटून लाव, त्यांच्या गावाकडे सगळे तेच करतात. कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी सुट्टीत आमच्याकडे खेळायला असायची, तिच्यामुळेच हे घरात आलं असं ह्यांचं मत आहे. मावशींना बंद करू का? धाकटा दोन वर्षांचा आहे, त्याची काळजी वाटते. सोसायटीच्या ग्रुपवर सांगावं तर लाज वाटते. काय करू?" – एक आई, ऐरोली

ताई,

हे उत्तर पुरं वाचण्याआधी एक काम करा. सीताफळाच्या बिया वाटून ठेवल्या असतील तर ती पूड कागदात घट्ट गुंडाळून टाकून द्या, आणि ज्या भांड्यात वाटली ते साबणाने दोनदा घासा. सासूबाई खोटं सांगत नाहीत. त्या बियांमध्ये किडे मारणारं विष असतं, उवाही त्याने मरतात. पण तेच विष डोळ्यात गेलं तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा सोलवटतो. डोकं धुताना पाणी कपाळावरून ओघळतं, नाहीतर पूड लागलेला हात नकळत डोळ्याला जातो. आधी नुसतं चुरचुरतं आणि काही तासांनी डोळा उघडवत नाही. माझ्या दवाखान्यात अशी एक मुलगी रात्री साडेदहाला आली होती, वडिलांच्या खांद्यात तोंड खुपसून. तिला टेबलावरचा दिवासुद्धा सोसत नव्हता. चुकून कधी असं झालंच तर डोळ्यात पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडायची आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. घरात पडलेले जुने थेंब घालायचे नाहीत.

रॉकेलचंही तेच. डोकं भाजतं, पोटात किंवा फुप्फुसात गेलं तर मूल दगावू शकतं, आणि घरात कुठे ना कुठे गॅस पेटलेला असतोच. झुरळांचा खडू, डांबराच्या गोळ्या, खोबरेल तेलात विरघळवलेला भरपूर कापूर, यांतलं काहीही लहान मुलाच्या डोक्याला नको. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात. डोक्यातल्या उवांनी सहसा कुणाचा जीव जात नाही, त्यांच्यावरच्या असल्या उपायांनी मात्र गेला आहे.

आता तुमच्या पत्राकडे येते. 'आठ दिवस बरे गेले' हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळं निदान त्याच चार शब्दांत आहे. ऊ केसाच्या मुळाशी, डोक्याच्या कातडीला लागून अंडी घालते. त्यांना आपण लिखा म्हणतो. मादी दिवसाला सहा ते आठ लिखा घालते आणि प्रत्येक लीख केसाला सिमेंटसारखी चिकटवते. बहुतेक औषधं चालत्या उवा मारतात, लिखा मात्र सगळ्या मारत नाहीत. लिखेतून पिल्लू बाहेर यायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे तुमचा पहिला शाम्पू बहुधा लागू पडला होता. आठ दिवसांनी जी खाज आली ती त्या दिवशी वाचलेल्या लिखांमधल्या पिल्लांची. त्यांना पुढे अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी आठवडा-दहा दिवस लागतात. त्या मधल्या काळात दुसऱ्यांदा औषध लावलं असतं तर साखळी तिथेच तुटली असती. तुम्ही चुकला नाहीत ताई, बाटली देणाऱ्याने तुम्हाला 'नवव्या दिवशी पुन्हा' हे सांगायला हवं होतं.

आणि केस कापून काही होत नाही, ते यामुळेच. उवांना लांब केस लागत नाहीत. त्या कातडीजवळच्या बोटभर पट्ट्यात राहतात, तिथेच रक्त पितात, तिथेच अंडी घालतात. केस कानापर्यंत आणले तरी तो पट्टा शाबूत राहतो.

आता लाजेबद्दल, कारण या दुखण्यात खाजेपेक्षा लाजच जास्त त्रास देते. उवा घाणीमुळे होत नाहीत. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही होतात. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, तिला फक्त चालता येतं. म्हणून ती एका डोक्यावरून दुसऱ्यावर जायची तर दोन डोकी एकमेकांना टेकावी लागतात. आता तुमच्या मुलीचा दिवस आठवून बघा. शाळेच्या व्हॅनमध्ये मुलं दाटीवाटीने बसलेली, पाळणाघरात दुपारी एका सतरंजीवर ओळीने झोपलेली, संध्याकाळी गार्डनच्या बाकावर एका मोबाईलवर चार डोकी झुकलेली. मे महिन्यात मामाकडे सगळी मावस-मामेभावंडं एकाच गादीवर. जिथे मुलं एकमेकांवर जीव लावतात तिथे उवांना वाट मिळते. यात लाजण्यासारखं काय आहे?

म्हणूनच मावशींच्या मुलीचा संशय मनातून काढून टाका. पहिल्यांदाच उवा झाल्या की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडेही लागतात, कारण ही खाज म्हणजे उवेच्या लाळेची अॅलर्जी असते आणि शरीराला ती ओळखायला वेळ लागतो. म्हणजे जूनअखेर कळलेल्या उवा मे महिन्यात कधीतरी आलेल्या. त्या कुणी कुणाला दिल्या हे आता देवही सांगू शकणार नाही. तुमच्या मुलीकडून त्या पोरीकडे गेल्या असतील ही शक्यताही तितकीच खरी आहे. मावशींना बंद केलंत तर एका बाईची मिळकत जाईल आणि तुमच्या मुलीच्या डोक्यातली एकही ऊ कमी होणार नाही. उलट मावशींना बाजूला बसवून सरळ सांगा, "आमच्या पोरीला उवा झाल्यात, तुमच्या लेकीचंही डोकं बघा," आणि स्वतःच्या खर्चाने आणखी एक फणी आणि औषधाची बाटली त्यांच्या हातात ठेवा. दोन्ही घरांत एकाच रविवारी सुरुवात करा. उपकार म्हणून करू नका. तुमच्या घरातला उपचार टिकायचा असेल तर त्यांच्या घरातला झाला पाहिजे.

आता रविवारी काय करायचं ते सांगते. खोलीतल्या ट्यूबलाइटवर विसंबू नका. मुलीला गॅलरीत किंवा खिडकीशी बसवा, खांद्यावर पांढरा टॉवेल टाका. आधी निदान पक्कं करायचं. साध्या शाम्पूने धुतलेल्या ओल्या केसांना भरपूर कंडिशनर चोपडा, मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढा आणि मग बारीक दातांची स्टीलची फणी घ्या. प्लॅस्टिकची नको, तिचे दात फाकतात आणि उवा मधून निसटतात. केसांचे चार भाग करून क्लिपा लावा. मानेवरची केसरेषा आणि कानांमागची जागा यांपासून सुरुवात करा, उवांना ऊब तिथे मिळते. फणी कातडीला टेकवून मुळापासून टोकापर्यंत एका दमात ओढा आणि प्रत्येक ओढीनंतर पांढऱ्या टिश्यूवर पुसा. नीट बघा. कंडिशनरच्या पांढऱ्या फेसात तिळाएवढा तपकिरी ठिपका दिसेल. क्षणभर निपचित पडलेला असतो, मग त्याचे पाय वळवळतात. तीच ऊ. पिल्लं टाचणीच्या टोकाएवढी आणि फिकी असतात, त्यांना शोधायला चष्मा लावा.

लीख आणि कोंडा यांत गल्लत होते. कोंडा फुंकरीने उडतो, बोटाने हलतो. लीख केसाच्या एका बाजूला तिरकी चिकटलेली असते, नखांच्या चिमटीत धरून ओढली तरच सरकते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून कातडीपासून बोटभर लांब दिसणाऱ्या लिखा बहुधा रिकामी टरफलं असतात. त्या दिसल्या म्हणून पुन्हा पुन्हा औषध लावत बसू नका. जिवंत, चालती ऊ दिसली तरच औषध.

औषध म्हणून परमेथ्रिन १ टक्का हे लोशन मेडिकलमध्ये मिळतं. दोन महिन्यांच्या वरच्या मुलांना ते चालतं, तरी दोन वर्षांच्या धाकट्यासाठी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना एकदा विचारा. आपल्याकडे एक चूक हमखास होते, ती म्हणजे तेल लावलेल्या केसांवर औषध लावणं. तेलाचा किंवा कंडिशनरचा थर असला की औषध केसापर्यंत पोचतच नाही. म्हणून तपासणीचं कंडिशनर साध्या शाम्पूने पूर्ण धुऊन टाका, केस टॉवेलने टिपून घ्या आणि मग मुळापासून टोकापर्यंत औषध लावा. घड्याळ लावून दहा मिनिटं. जास्त वेळ ठेवलं म्हणून जास्त गुण येत नाही. धुताना तिला अंघोळीला बसवू नका. मोरीत मान पुढे वाकवायला सांगा, डोळ्यांवर घडी केलेला नॅपकिन धरू द्या आणि तांब्याने कोमट पाणी घाला, म्हणजे औषध अंगभर उतरत नाही. नंतर दोन दिवस केस धुवायचे नाहीत. बाटलीवर लिंडेन किंवा गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड लिहिलेलं असेल तर ती परत करा. ते औषध मेंदूवर परिणाम करतं, लहान मुलांना त्याने झटके आलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी काही उवा सुस्त, रेंगाळत चालताना दिसल्या तरी घाबरू नका, त्या मरायच्या वाटेवर असतात. मात्र अगदी पहिल्यासारख्या तुरुतुरु पळत असतील तर या औषधाला त्या दाद देत नाहीत, असं बऱ्याच ठिकाणी होऊ लागलं आहे. तेव्हा तेच औषध पुन्हा न लावता डॉक्टरांकडे जा. दुसरी औषधं आहेत, डायमेथिकोन आहे, आयव्हरमेक्टिन आहे. आयव्हरमेक्टिनची गोळी १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना देत नाहीत, म्हणून ती स्वतःच्या मनाने कधीच नको.

पुढचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा. रविवार हा पहिला दिवस धरला तर त्या दिवशी औषध आणि फणी. गुरुवारी, पाचव्या दिवशी, कंडिशनर लावून नुसती फणी. पुढच्या सोमवारी, नवव्या दिवशी, पुन्हा औषध आणि फणी. शुक्रवारी, तेराव्या दिवशी, फणी. त्यानंतरच्या मंगळवारी, सतराव्या दिवशी, शेवटची तपासणी. या पाच बैठकांमध्ये सगळ्यात जास्त चुकतो तो नववा दिवस, कारण तोवर खाज थांबलेली असते आणि घरात दुसरं काहीतरी निघालेलं असतं. तो सोमवार आहे हे आत्ताच मोबाईलमध्ये टाकून ठेवा. ऑफिसातून दमून याल, तरी तो दिवस सोडू नका.

ज्यांना औषध नको असेल त्यांनी याच पाच दिवशी नुसती ओल्या केसांतली फणी चिकाटीने फिरवली तरी चालतं. फक्त एकही दिवस चुकवायचा नाही आणि घाई करायची नाही.

फणीवर माझा एवढा भरवसा का, ते सांगते. आमच्या लहानपणी चरईतल्या चाळीत दुपारची जेवणं आटोपली की बायका जिन्याच्या पायऱ्यांवर बसायच्या. वरच्या पायरीवरची खालचीचं डोकं बघायची, ती तिच्या खालचीचं. माझं डोकं शेजारच्या काकू बघायच्या आणि आई त्यांच्या मुलीचं. मधूनच दोन नखांत कट् असा आवाज यायचा आणि गप्पा चालूच राहायच्या. कुणी कुणाला तोंड लपवून सांगितलं नाही, कारण सगळ्यांचीच डोकी सगळ्यांना माहीत होती. आपण फ्लॅटमध्ये आलो, दारं लागली आणि प्रत्येक आई आपापल्या बाथरूममध्ये एकटीच उवांशी झुंजायला लागली. फणी तर त्याहून किती जुनी! इस्रायलमध्ये लाखिश इथे हस्तिदंताची एक इवलीशी फणी सापडली, सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची. तिच्यावर कोरलेली अक्षरं २०२२ मध्ये वाचून झाली. या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत, अशा अर्थाचं वाक्य त्यावर आहे. सासूबाईंना हे जरूर सांगा. बिया त्यांच्याकडून काढून घ्याल तेव्हा फणी त्यांच्या हातात द्या. तुम्हाला ऑफिसला जायचं असतं, त्यांच्याकडे दुपार आहे आणि नातीचं डोकं मांडीवर घेण्याची सवय आहे. त्यांचं बोटांचं ज्ञान शंभर टक्के खरं आहे.

घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच रविवारी बघा, तुमचं, सासूबाईंचं आणि यजमानांचंही. उवा सापडतील त्यांना औषध. मुलीशेजारी एकाच उशीवर जो झोपतो, त्याला सापडल्या नाहीत तरी औषध लावावं का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. घर धुऊन काढायची गरज नाही. डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांत मरते. औषध लावण्याआधीच्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, टॉवेल, रिबिनी आणि ती टोपी कडकडीत गरम पाण्यात धुवा. या पावसात ऊन कुठून आणणार? मग वाळत घातलेल्या कपड्यांवरून गरम इस्त्री फिरवा. धुता न येणारं सॉफ्ट टॉय पिशवीत बांधून दोन आठवडे माळ्यावर ठेवा. फण्या-कंगवे कडकडीत पाण्यात दहा मिनिटं बुडवा. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावू नका, ते औषध मुलांनाच जास्त बाधेल. घरात मांजर असेल तर ती निर्दोष आहे, माणसाच्या उवा प्राण्यांवर राहत नाहीत.

शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला शांतपणे भेटा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत स्पष्ट आहे की उवा किंवा लिखा आहेत म्हणून निरोगी मुलाला शाळेतून घरी बसवू नये. कळेपर्यंत त्या महिनाभर डोक्यात असतात. आणखी एका दिवसाने फरक पडत नाही, मुलाच्या मनावर मात्र पडतो. त्याच संध्याकाळी उपचार, दुसऱ्या दिवशी शाळा. बाईंना विनंती करा की नाव न घेता वर्गातल्या सगळ्याच पालकांना एक चिठ्ठी जाऊ दे. त्याशिवाय तुमच्या मुलीचं डोकं स्वच्छ झालं तरी बाकावरच्या मैत्रिणीकडून पुन्हा भरेल.

सोसायटीच्या ग्रुपवर लिहायला तुम्हाला शब्द सुचत नसतील तर हे घ्या. "नमस्कार. आमच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत, उपचार सुरू आहेत. तिच्याबरोबर खेळणाऱ्या मुलांची डोकी या रविवारी ओल्या केसांत फणी फिरवून बघाल का? सापडल्या तर सगळे एकाच दिवशी औषध लावू, म्हणजे फिरून येणार नाहीत." एवढंच लिहा, माफी मागू नका. मला खात्री आहे, तासाभरात दोघी-तिघी तुम्हाला वेगळ्या मेसेजवर लिहितील, 'आमच्याकडेही आहेत हो.'

डॉक्टरांकडे कधी जायचं? खाजवून पिवळ्या खपल्या धरल्या, पू आला, ताप आला किंवा मानेमागे, कानांमागे दुखऱ्या गाठी हाताला लागल्या तर त्याच दिवशी. जंतुसंसर्ग झालेला असतो, त्यासाठी वेगळं औषध लागतं. नुसती खाज मात्र उवा गेल्यावरही आठवडाभर राहू शकते. तेवढ्यावरून उपचार फसला असं समजू नका.

आता टोपी. माफी ग्रुपची नाही, मुलीची मागा. तिला जवळ घ्या आणि स्पष्ट शब्दांत सांगा, "तुझी काही चूक नव्हती. मी चिडले आणि तुला न विचारता केस कापले. ते माझं चुकलं." सहा वर्षांच्या मुलांना हे बरोबर कळतं. मग रविवारी फणी फिरवताना टिश्यूवरच्या उवा मोजायचं काम तिच्याकडे द्या. पहिल्या दिवशी किती, गुरुवारी किती, सोमवारी किती, हे तिने स्वतःच्या हाताने फ्रिजवरच्या कागदावर लिहायचं. आकडा खाली येताना तिला दिसू दे. टोपी काढ असं म्हणू नका. गणपतीला घरी पाहुणे यायच्या आधी ती आपणहून तुम्हाला विचारेल, केसांना कुठली क्लिप लावू. त्या वेळी कपाटातल्या सगळ्या क्लिपा तिच्यापुढे ठेवा आणि तिला हवी ती निवडू द्या.